किल्ला, कागद आणि चिमण्या

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईहून निघालेली एक खास रेल्वेगाडी दौंडला वळून आमच्या काष्टीवरून नगरकडे गेली. गाडीत काँग्रेस कार्यकारिणीचे अटक केलेले नेते होते. गांधीजींना वाटेत चिंचवडला उतरवून घेतलं होतं. उरलेल्यांत नेहरू, पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आसफ अली, डॉ. सय्यद महमूद आणि त्या वेळचे काँग्रेस अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते. काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार लांबलांबच्या लोकांना ठाऊक आहे. ही गाडी मात्र गावातसुद्धा कुणाच्या बोलण्यात येत नाही.

त्या गाडीतल्या एका माणसाविषयी आणि त्याला जिथं ठेवलं त्या नगरच्या किल्ल्याविषयी लिहायचं बरेच दिवस मनात होतं. निमित्त मिळालं ते स्टाफरूममधल्या एका टोमण्याचं.

एक सहकारी मोबाईलवर काहीतरी वाचत होते. हसत हसत म्हणाले, "काय सर, तुमच्या खिलजीनं नालंदा जाळलं तेव्हा म्हणे कित्येक महिने पुस्तकं जळत होती." माणूस वाईट नाही. माझ्या मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी माझ्यासोबत दोन दिवस फिरलेला. पण 'तुमच्या' हा शब्द त्यांनी इतक्या सहज वापरला की मला उत्तर सुचलं नाही. खिलजी माझा कोण? तो तुर्की-अफगाण सरदार आठशे वर्षांपूर्वीचा, माझे पणजोबा श्रीगोंद्याच्या बाजारात पिंजारकाम करणारे.

घरी येऊन पुन्हा एकदा वाचलं. बख्तियार खिलजीच्या बिहारवरच्या स्वारीची हकिकत कुणा शत्रूनं नाही, मिन्हाज सिराज या मुस्लीम इतिहासकारानंच 'तबकात-ए-नासिरी'त लिहून ठेवली आहे. त्या हल्ल्यात असलेल्या माणसाच्या तोंडून त्यानं ती ऐकली होती. तटबंदीचं ठिकाण किल्ला समजून घेतलं, आतले मुंडन केलेले सगळे लोक मारले, मग तिथं पुष्कळ ग्रंथ सापडले आणि ते वाचून दाखवायला कुणी उरलं नव्हतं, असं तो सांगतो. मिन्हाज नालंदेचं नाव घेत नाही; ते ठिकाण ओदंतपुरीचा विहार असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. १२३४ च्या सुमारास धर्मस्वामी नावाचा तिबेटी भिक्खू नालंदेला आला तेव्हा नव्वदीतले राहुल श्रीभद्र सत्तरएक विद्यार्थ्यांना तिथं शिकवत होते. म्हणजे मोबाईलवरची गोष्ट जशीच्या तशी खरी नाही.

पण एवढं सांगून सुटका करून घ्यायची माझी इच्छा नाही. नालंदा नसेल तर ओदंतपुरी. ग्रंथ होते, वाचणारे मारले गेले, आणि मारणारे कलमा पढणारे होते. आपल्याकडचे काही लेखक इथं वकिलासारखे तारखा पुढे करतात, ते मला पटत नाही.

ओदंतपुरी म्हणजे आजचं बिहार शरीफ. त्याच गावात ३१ मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या मिरवणुकीनंतरच्या दंगलीत, मदरसा अजीजियाचं शंभराहून अधिक वर्षांचं ग्रंथालय जाळलं गेलं. साडेचार हजारांवर पुस्तकं गेल्याच्या बातम्या होत्या. हे मी 'हिशेब फिटला' किंवा 'बघा, तेही तसेच' म्हणून सांगत नाही. एकाच गावात आठशे वर्षांच्या अंतरानं दोनदा पुस्तकं मेली आणि प्रत्येक समाजाच्या यादीत त्यांतली एकच घटना आहे, हे मला जास्त टोचतं.

आपल्या यादीत बगदाद असतं. १२५८, हुलागू, शाईनं काळी पडलेली टायग्रिस नदी. १०२९ मध्ये महमूद गझनवीनं इराणातल्या रय शहरात बुवैही घराण्याच्या संग्रहातली तत्त्वज्ञांची आणि मुअतजिलांची पुस्तकं जाळली, ते त्या यादीत नसतं. तिथं जाळणाराही मुसलमान, लिहिणारेही मुसलमान.

आणि नगर?

आज दिसतो तो नगरचा दगडी किल्ला हुसेन निजामशहानं बांधला, १५५९ ते १५६२ च्या दरम्यान. हा दरबार लेखणीचाही होता. जुहूरी आणि मलिक कुम्मी हे फारसीचे मोठे शायर विजापूरला जाण्याआधी इथं होते. फरिश्ता इथंच वाढला आणि मग विजापूरला जाऊन इतिहासकार झाला. अकबरानं आपला वकील म्हणून इथं पाठवला तो फैजीसारखा कवी. ऑगस्ट १६०० मध्ये हा किल्ला अकबराचा मुलगा दानियाल याच्या फौजेनं घेतला. चाँदबीबी त्याआधीच स्वतःच्या माणसांच्या हातून मारली गेली होती. गादीवरचा पोरगा कैदेत गेला, दरबार मोडला, आणि दरबाराबरोबर त्याची ग्रंथसंपदा विखुरली. लढणारे दोन्हीकडचे राजे मुसलमान. नगरच्या या पुस्तकांसाठी मातम करताना कुणी कधी ऐकलं नाही, कारण दोष द्यायला समोर 'ते' नाहीत.

त्या विखुरलेल्यांपैकी एक पोथी पुण्यात आहे. 'तारीफ-ए-हुसेनशाही', आफताबी नावाच्या कवीचं फारसी काव्य, चित्रांसह. ती जपली भारत इतिहास संशोधक मंडळानं, आणि १९८७ मध्ये ती छापून आणली ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे या दोन मराठी विद्वानांनी. या पोथीची एक गंमत म्हणावी की दुःख, कळत नाही. चित्रांत राजाच्या शेजारी त्याची राणी खुंजा हुमायून होती, म्हणजे चाँदबीबीची आई. पुढे तिच्याच मुलानं, मुर्तजानं, तिला कैदेत टाकलं. बऱ्याच चित्रांत तिची आकृती रंगानं झाकून टाकलेली आहे. पोथी जाळली नाही, फाडली नाही, फक्त बाई पुसली. पण शब्द तसेच राहिले, आणि कवितेत राणीची तारीफ आजही वाचता येते.

पुण्याचाच विषय निघाला आहे तर ५ जानेवारी २००४ ची गोष्ट टाळता येणार नाही. मी तेव्हा पुण्यात बी.एड. करत होतो. जेम्स लेन या अमेरिकन प्राध्यापकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकातल्या एका मजकुरावरून वातावरण तापलं होतं. तो मजकूर वाईट होता, ऐकीव चहाटळपणाला पुस्तकात जागा देणं अभ्यासकाला शोभणारं नव्हतं, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पण राग निघाला तो भांडारकर संस्थेवर, कारण लेननं प्रस्तावनेत तिथल्या लोकांचे आभार मानले होते. आधी डिसेंबरात संस्कृतचे अभ्यासक श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं. मग जानेवारीत जमाव संस्थेत शिरला. कपाटं आडवी झाली, पुस्तकं, कागद, तसबिरी जमिनीवर आल्या. संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांना अटक झाली, खटला तेरा वर्षं रेंगाळला आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

दुसऱ्या दिवशी आमच्या रूमवर पेपर आला. आम्ही चौघं मुसलमान पोरं तो वाचत बसलो आणि खरं सांगतो, आमच्यातला एकजण पहिल्यांदा हेच म्हणाला, "शुक्र आहे, यात आपलं कुणी नाही." तेवढंच आमच्या मनात आलं. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते, आणि ते समजतंसुद्धा.

आपलं कुणी नव्हतं असंही नाही. भांडारकर संस्था १९१७ ची. १९१९ पासून १९६६ पर्यंत तिनं १,२५९ हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्या कामाला पैसे हवेत म्हणून हैदराबादच्या निजामाकडं, मीर उस्मान अली खान यांच्याकडं अर्ज गेला, आणि १९३२ मध्ये दरसाल एक हजार रुपयांची मदत मंजूर झाली. अतिथीगृहासाठी पन्नास हजार वेगळे. त्या इमारतीला निजामाचंच नाव आहे. महाभारताच्या पाठांसाठी एका मुस्लीम राजाचा पैसा लागला होता, हे त्या रूमवर आम्हा चौघांना कुणालाच माहीत नव्हतं. आपल्याच घरातली वस्तू तुटली हे न कळता आम्ही शुक्र मानत बसलो होतो.

त्या दिवसांतली एक गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. शिवचरित्राचे अभ्यासक गजानन मेहेंदळे यांनी हल्ल्याची बातमी कळल्यावर निषेध म्हणून स्वतःच्या शिवचरित्राच्या हस्तलिखिताची चारशेच्या आसपास पानं फाडून टाकली. फारसी शिकून, मूळ कागद वाचून वर्षानुवर्षं केलेलं काम. जमावानं जे केलं ते समजायला सोपं आहे. अभ्यासकानं स्वतःच्या हातानं स्वतःची पानं फाडावीत, हे समजायला मला वेळ लागला. पुढं ते पुन्हा कामाला लागले, २०११ मध्ये त्यांचं इंग्रजी शिवचरित्र आलं. पण ग्रंथालयावर हात पडतो तेव्हा मोडतं ते कपाटच असं नाही, कपाटावर विसंबून लिहिणारा माणूसही मोडतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आता मौलाना आझादांकडं येतो, कारण त्यांचं असंच दोनदा झालं होतं.

आझाद म्हटलं की आपल्याला पहिले शिक्षणमंत्री आठवतात. पण ते मुळात विद्वान. औपचारिक विद्यापीठाचा शिक्का नसलेले, अरबी-फारसीच्या जुन्या परंपरेत तयार झालेले. 'अल-हिलाल' आणि 'अल-बलाग'मुळं इंग्रज सरकारनं १९१६ मध्ये त्यांना बंगालबाहेर घालवलं आणि रांचीला नजरकैदेत ठेवलं. तेव्हा त्यांचं कुराणाच्या भाषांतराचं आणि भाष्याचं काम चालू होतं. पोलिसांनी झडतीत कागद उचलून नेले. त्यांनी रांचीत पुन्हा लिहायला घेतलं. १९२१ च्या डिसेंबरात असहकाराच्या चळवळीत पुन्हा अटक, पुन्हा झडती, पुन्हा कागद जप्त. सुटून आल्यावर कागद परत मिळाले ते फाटलेल्या, एकमेकांत मिसळलेल्या पानांचा ढीग म्हणून. काही वर्षं त्या कामाला हात लावायचं मन झालं नाही, हे त्यांनी स्वतःच नोंदवलं आहे.

इथं आग नव्हती, जमाव नव्हता. वॉरंट होतं, पंचनामा असेल, शिपाई होते. कायद्यानं चाललेली नासधूस. ती इतिहासाच्या पुस्तकात 'ग्रंथालयाचा विध्वंस' या मथळ्याखाली येत नाही. पण ज्याची पानं गेली त्याला फरक काय?

तिसऱ्यांदा लिहून 'तर्जुमान-उल-कुराण'चा पहिला खंड १९३१ च्या सुमारास आणि दुसरा १९३६ मध्ये निघाला. दुसरा खंड तेविसाव्या सूरेपर्यंत येतो. कुराणात ११४ सूरा आहेत. तिसरा खंड कधीच आला नाही.

आमच्या वडीलधाऱ्यांत ही तक्रार मी लहानपणापासून ऐकली आहे. मौलाना राजकारणात पडले नसते तर तफसीर पूर्ण झाली असती. त्यात भर म्हणून सांगतात, नगरच्या किल्ल्यात जवळपास तीन वर्षं मोकळी मिळाली होती, तिथं त्यांनी काय लिहिलं? चहा आणि चिमण्या!

हो, चहा आणि चिमण्याच लिहिल्या. ५३ वर्षांचा मुफस्सिर, देशातल्या सगळ्यात मोठ्या पक्षाचा अध्यक्ष, किल्ल्यात पहाटे तीन-चारला उठून स्वतः चहा करायचा आणि मित्राला पत्र लिहायचा. मित्र म्हणजे नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी, स्वतः मोठ्या ग्रंथसंग्रहाचे मालक. पत्र टाकायची परवानगी नव्हती, त्यामुळं पत्रं साठत गेली. ती १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावानं छापली गेली. नावाला पत्रं, पण खरं तर आपण मराठीत ज्याला ललित निबंध म्हणतो तेच. पंडिताची भाषा तशीच भारदस्त आहे, माझ्या नववीच्या मुलांचा एका परिच्छेदात दम निघतो. पण विषय बघा. चीनचा पांढऱ्या मोगऱ्याच्या वासाचा चहा, आणि हिंदुस्थानी लोक दूध-साखर घालून जे काही करतात त्याला चहा म्हणायला मौलानांचा ठाम नकार. (काष्टीच्या स्टँडवर त्यांचं काही जमलं नसतं.) तरुणपणी शिकलेली सतार. आणि खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या. आधी त्यांनी चिमण्यांशी रीतसर युद्ध पुकारलं, हरले, मग तह केला. दाणे टाकून त्यांना हातावर बसायला शिकवलं आणि त्यांची नावं ठेवली. एकीचं कलंदर, एकीचं मुल्ला.

९ एप्रिल १९४३ ला कलकत्त्यात त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम वारल्या. भेटीसाठी सरकारकडं विनंती करायला मौलाना तयार झाले नाहीत. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात आवारातल्या एका जुन्या, कुणाची ते ठाऊक नसलेल्या कबरीचा उल्लेख येतो. नगरच्या त्या अनाम कबरीवरून मौलाना एका जुन्या अरबी शोककवितेकडं जातात, आणि बायकोबद्दलचं दुःख दुसऱ्याच्या ओळीतून सांगतात. मी ते पत्र वर्गात एकदाच वाचायचा प्रयत्न केला. पुन्हा केला नाही.

या पुस्तकात अरबी, फारसी, उर्दूचे शेकडो शेर आहेत. त्यांचं स्वतःचं ग्रंथालय कलकत्त्यात राहिलं होतं. शेर आले ते स्मरणातून. पुढं मालिक राम यांनी साहित्य अकादमीसाठी चिकित्सक आवृत्ती केली, एकेका शेराचा पत्ता शोधला, तेव्हा काही ठिकाणी मौलानांच्या आठवणीत शब्द थोडे हलले असल्याचं दिसलं. मला तो दोष वाटत नाही. कपाटातलं पुस्तक हलत नाही, पण ते पोलीस उचलून नेऊ शकतात.

तफसीर पूर्ण न करता चिमण्यांवर का लिहिलं याचं माझं उत्तर असं आहे. तफसीरला कपाट लागतं. आधीच्या भाष्यकारांचे ग्रंथ, कोश, टिपणं, संदर्भ. ज्याची टिपणं दोनदा गेली, त्यानं तिसऱ्यांदा कैदेत बसून ती इमारत पुन्हा उभी करायची हिंमत धरली नाही, तर त्याला आळशी म्हणू नये. ज्याला कपाट लागत नाही ते त्यांनी लिहिलं. चहा समोर होता, चिमण्या खोलीत होत्या, शेर डोक्यात होते. हे माझं अनुमान आहे, मौलानांनी असं कुठं म्हटलेलं नाही. आणि तक्रार करणाऱ्या वडिलांचंही चुकत नाही: तिसरा खंड आपल्याला हवा होता, तो बुडाला, 'गुबार-ए-खातिर'नं त्याची भरपाई होत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र त्या दोन झडत्या झाल्या नसत्या, तर त्या माणसातला ललित लेखक कधी बाहेर आला असता का, असंही मला वाटून जातं आणि असा विचार केल्याबद्दल स्वतःचाच राग येतो. म्हणजे पोलिसांचे आभार मानायचे की काय?

त्याच किल्ल्यात इतर कैदीही गप्प बसले नव्हते. नेहरूंनी १९४४ मध्ये पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं, हे शाळेत शिकवलं जातं. आचार्य नरेंद्र देवांचं काम मात्र कुणी सांगत नाही. ते तिथं वसुबंधूच्या 'अभिधर्मकोश' या बौद्ध ग्रंथाचं हिंदी भाषांतर करत होते, फ्रेंच भाषांतरावरून. कारण त्याचा मूळ संस्कृत भाष्यग्रंथ भारतातून नाहीसा झाला होता. चिनी आणि तिबेटी भाषांतरांत तो शिल्लक होता, आणि मूळ पोथी राहुल सांकृत्यायनांना १९३० च्या दशकात तिबेटातल्या मठात सापडली होती. आमच्या स्टाफरूममध्ये ज्यावरून टोमणा निघाला, त्या विहारांतून शिकवली जाणारी विद्या ती हीच. ती परत आपल्या भाषेत आणायचं काम निजामशहाच्या किल्ल्यात चाललं होतं, आणि पलीकडच्या खोलीत एक मौलाना चिमण्यांना दाणे टाकत होता.

सहकाऱ्यांना मी हे सगळं सांगितलं. मिन्हाज सिराजपासून, काही न लपवता. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "निजामाच्या हजार रुपयांचं खरंच माहीत नव्हतं बुवा." मग म्हणाले, "पण महमूदनं मुसलमानांचीच पुस्तकं कशाला जाळली?" तासाची घंटा झाली. त्या प्रश्नावर आमचं बोलणं अजून अर्धवट आहे.

गेल्या आठवड्यात नववीच्या मुलांना मी निबंध दिला: न टाकलेलं पत्र. ज्याला पाठवता येणार नाही अशा कुणालाही लिहा, विषय आपल्या घरातलाच हवा. बहुतेकांनी मोबाईलवरून उतरवून आणलं. एकानं मेलेल्या आजोबांना लिहिलं होतं. भाषा धड उर्दू नाही, धड मराठी नाही, आमच्या भागातली. आजोबांची पत्र्याची ट्रंक माळ्यावर आहे, त्यात जुने कागद आहेत, काही मोडीतले, काही आपल्या लिपीतले, अब्बा म्हणतात वाळवी लागली आहे, दिवाळीच्या सफाईत टाकून देऊ.

त्याला बाजूला घेऊन विचारलं, ट्रंक अजून आहे का. आहे म्हणाला. घर बाजारतळाच्या मागं आहे. मोडी वाचणारे एक ओळखीचे गृहस्थ दौंडला राहतात, त्यांना फोन केला आहे. रविवारी आम्ही दोघं जाणार आहोत.